उणे नऊशे नव्व्याण्णव

फोरट्रान येणाऱ्या माणसाला एक तोरा असतो. पायथन काय, कुणालाही येतं! माझ्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच दोनशे बाय पाच हजारांचा ॲरे असतो: हवामानाचे पाच हजार फुगे, प्रत्येकाच्या उंचीच्या दोनशे पातळ्या. फोरट्रान ७७ मध्ये आकार आधीच जाहीर करावा लागे, आणि जाहीर करायचाच तर ऐसपैस, ही आमची खानदानी सवय. फोरट्रान ९० नं लागेल तेवढीच जागा मागायची सोय केली. पण मागायचं म्हणजे जरा कमीपणाच.

हवामानाचे फुगे मात्र माझा ॲरे बघून उडत नाहीत. वर दाब कमी होतो, फुगा फुगतो, फुटतो. एखादा तीस किलोमीटरपर्यंत जातो, एखादा पावसाळी ढगात दहा पातळ्यांचं तापमान कळवून संपतो. उरलेल्या एकशे नव्वद जागी आम्ही -९९९ भरतो. न आलेल्या पाहुण्यांची पानं मांडून वर वाढतही सुटावं, तसं.

या -९९९ वर मी तासभर बोलू शकतो, आणि बोलतोही. निरपेक्ष शून्य -२७३.१५ सेल्सिअस, त्याखाली तापमान जातच नाही, म्हणून हा आकडा म्हणे बिनधोक. सरासरीला हे कोण सांगणार? तीस अंशांच्या नऊ नोंदींत एक -९९९ मिसळला, की उत्तर -७२.९! काही शहाणे -९९.९ भरतात. अहो, आपल्याकडे सोळा-सतरा किलोमीटरवर उणे ऐंशी खरोखर असतं. शंका तरी कुणाला यावी? आणि शून्य भरणाऱ्यांशी मी बोलत नाही. पावसाळ्यात पाच-साडेपाच किलोमीटरवर शून्य असतंच.

आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीनं माझी बायनरी फाइल पायथननं उघडली. पहिलाच आकडा आला १.१२१ई-४२.

"सर, हे केल्विन असेल तर विश्वातली सगळ्यात थंड जागा आपल्या डोक्यावर आहे."

मी खुर्ची पुढे ओढली. फोरट्रान प्रत्येक रेकॉर्डच्या आधी आणि नंतर त्याची लांबी बाइटमध्ये लिहितं. दोनशे आकडे, प्रत्येकी चार बाइट, म्हणून ८००. तो पूर्णांक तू अपूर्णांक समजून वाचलास. पायथनवाल्यांना हे कुठून माहीत असणार!

"म्हणजे दहाच पातळ्या असत्या तर त्यानं ४० लिहिले असते?"

"अर्थात."

"मग फोरट्रान तयारच होतं की, सर."

तिनं सगळी उड्डाणं एका लांबलचक ओळीत टाकली आणि कुणाचे किती आकडे, याचा वेगळा छोटा ॲरे केला. संख्या बघायची, तेवढे आकडे उचलायचे, पुढे सरकायचं. हवामानाचे आकडे ठेवायच्या नेटसीडीएफ फायलींच्या सीएफ संकेतांतही ही पद्धत आहे.

मग ते दहा पातळ्यांचं उड्डाण पडद्यावर आलं. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणासाठी कुणीतरी त्याच्याही आधी, अंधारात, भर पावसात तो फुगा धरून उभा राहिला असणार. माझ्या चौकोनात त्या माणसाचं काम पंचाण्णव टक्के गैरहजर दिसायचं. इथे दहा म्हणजे दहा, पुरे. मी थोडा वेळ बोललो नाही, हे तिला विशेष वाटलं असावं.

"त्या छोट्या ॲरेचं नाव सहा अक्षरांत बसव," मी शेवटी म्हणालो.

"का?"

"फोरट्रान ७७ मध्ये त्याहून लांब नाव चालत नसे."

"सर, हे पायथन आहे."

"म्हणून काय शिस्त सोडायची?"