शुभेच्छुकांत नसलेला माणूस

मांजरी बुद्रुकच्या चौकात बाराही महिने कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतो. 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेलं आणि ‘भावी’ या विशेषणाला तर पालवीच फुटली. द्राक्षांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्याकडे आहे, वसंतदादांच्या नावाची साखरेची संस्था आमच्याकडे आहे. पण गोडव्याचं बारमाही पीक येतं ते फ्लेक्सवर. आणि ही चित्रं दिसतात तितकी साधी नसतात. त्यांत लांबचं लहान आणि जवळचं मोठं असा हिशेब नसून मानाचा हिशेब असतो. प्राचीन इजिप्तचे चितारी राजा भिंतभर काढत आणि चाकर त्याच्या गुडघ्याएवढे. इथेही वरचे साहेब ढगांत, उत्सवमूर्ती मधोमध हात जोडून, आणि तळाला शुभेच्छुकांची रांग, पासपोर्टच्या फोटोएवढी. नाईलच्या काठची रीत मुळा-मुठेच्या काठी कशी उगवली, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा.

मला मात्र अलीकडे त्यातले चेहरे दिसेनासे झाले आहेत. अक्षरं दिसतात. स्कूटरवर मागे बसलेली बायको विचारते, “अहो, काय लिहिलंय तिथं?” आणि मी म्हणतो, “‘ळ’ फार देखणा आहे गं.” त्यानंतर हडपसरपर्यंत आम्ही बोलत नाही.

ही खोड मुळात रेल्वे फाटकाची. मांजरीचं फाटक एकदा पडलं की उसाच्या ट्रॉल्या, भाजीचे टेम्पो आणि आपण, सगळे एका पातळीवर यायचो. वाचायला समोरच्या वाहनाची पाठ. तिच्यावर कमळं, गरुड, आईचा आशीर्वाद, आणि खाली कोपऱ्यात पेंटरची तिरकी सही, शेपटी ओढून संपवलेली. उपबाजारात माल उतरवून टेम्पो रिकामा परतला तरी ती सही डौलातच असायची. त्या माणसानं कुंचला धरून शिरोरेषा एका दमात ओढली आहे, हे रंगाच्या जाडीवरून कळायचं. दम कुठे घेतला, तेही कळायचं. दुकानांच्या पाट्यांवरही तेच हात फिरलेले. पुढे फ्लेक्स आला आणि सही गेली. तिच्या जागी छपाईवाल्याचा मोबाईल नंबर आला, मुंगीच्या पायाएवढा. निदान तो तरी आहे. ज्यानं फ्लेक्सवरची अक्षरं मुळात रेखली, त्याचं तर नखभरही नाव नाही.

आता या फ्लेक्सवरचं गुबगुबीत, कडा गोलावलेलं अक्षर घ्या. ते बऱ्याचदा ‘बलू’ असतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरं घडवणाऱ्या मंडळींनी केलेलं. सारंग कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी. फुकट वापरायला मोकळं सोडल्यामुळे ते मांजरीपर्यंत विनातिकीट आलं. गंमत अशी की भारतातल्या इतर लिप्यांत या कुटुंबाला नावं देताना त्यांनी प्रत्येकाला त्या-त्या मुलखातलं भावंडपण बहाल केलं. गुजराती तो बलू भाई, बंगाली बलू दा, गुरुमुखी बलू पाजी, तमिळ बलू थंबी, मल्याळी बलू चेट्टन. देवनागरी तेवढा नुसता बलू. ज्या लिपीत दादा, भाऊ, अण्णा, आबा असल्याशिवाय फ्लेक्सला खिळा ठोकला जात नाही, तिच्यातलाच बलू कुणाचा कुणी नाही! थोरल्या घरात एखादा निरुपद्रवी काका असतो, सगळ्यांची कामं करतो आणि त्याला सगळे एकेरीत हाक मारतात, तसं हे.

त्याच घरचा ‘मोदक’ तर इतका फुगलेला आहे की अक्षराच्या पोटातली पोकळी मिटून नुसती चीर उरते. तरी ‘म’चा ‘भ’ होत नाही. एवढा ऐवज भरूनही पारी फुटू न देणं हे ज्याला जमलं, त्याच्या सुगरणपणापुढे मी वाकतो. माझ्या वाक्यांना ते जमत नाही. संगणकावर मराठी पहिल्यांदा वाचली ती अनेकांनी ‘मंगल’ अक्षरांत; ती र. कृ. जोशींची, हे वाचताना कुणाच्या गावीही नव्हतं. कमल शेडगे नाटकाचं नाव असं काढत की जाहिरातीत तिसरी घंटा ऐकू यावी. आणि माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ हे मुलांचं चित्रपुस्तक उघडावं तर त्यातली माणसं चित्रासाठी सावरून बसलेली नसतात. आपण अवेळी गेलो आहोत आणि त्यांची त्याला हरकत नाही, असं वाटतं. लिहायला बसलो आणि शब्द रुसले की मी हल्ली थोर ग्रंथ उघडत नाही. यांपैकी कुणाचं तरी पान काढून बघत बसतो. एका वेलांटीला किती वळू द्यायचं आणि कुठे आवरायचं, यावर कुणीतरी कित्येक दुपारी घालवल्या आहेत, आणि ती वेलांटी शेवटी ‘हार्दिक’मध्ये खर्ची पडली आहे, हे पाहून मला बरं वाटतं. का, ते नीट सांगता येत नाही.

परवा आमच्या सोसायटीच्या गणपतीचा फलक करायला फ्लेक्सच्या दुकानात गेलो. संगणकावर कोरल उघडून बसलेला मुलगा विशीतला, हात माऊसवर असा चालत होता की बघत राहावं. एका साहेबांच्या कानामागचं आकाश तो पुसत होता. “काका, फॉन्ट जाड घेऊ ना? लांबून दिसतो.” त्यानं बलू लावला. मी म्हटलं, हे अक्षर कुणी केलंय माहितेय का? त्याला वाटलं ते कंप्युटरमध्येच असतं. मग मी सांगितलं. सगळ्या भावंडांसकट सांगितलं. तो माऊस सोडून ऐकत राहिला, पडद्यावरच्या ‘ब’कडे जरा नव्यानं बघितलं, आणि मनापासून म्हणाला, “मग त्यांचं नाव टाकायला पाहिजे की. शुभेच्छुकांत घेऊ? पण काका, फोटो लागेल. पांढऱ्या शर्टातला असला तर बरं.”