बिनमहत्त्वाचं बोलणं

हौशी रेडिओवाल्यांनी एकमेकांशी काय बोलावं, याबद्दल आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांत कित्येक दशकं एक कलम होतं. २००३ साली त्याची भाषा बदलली, पण माझा जीव जुन्या कलमावरच आहे, कारण इतका प्रांजळ कायदा मी दुसरा पाहिलेला नाही. त्याचा आशय असा : बोलणं तांत्रिक प्रयोगांविषयी असावं, नाहीतर खाजगी असावं, आणि खाजगी असेल तर ते इतकं बिनमहत्त्वाचं असावं की त्यापायी तारेचे किंवा टेलिफोनचे पैसे मोजावेत असं कुणालाही वाटू नये. यामागचा हिशेब उघड होता. कामाचं बोलणाऱ्यांनी तारखात्याच्या खिडकीशी जावं, फुकट्यांनी तिथलं गिऱ्हाईक फोडू नये. पण त्यामुळे झालं असं की, बिनमहत्त्वाचं बोलणं हे आमचं कायदेशीर कर्तव्य होऊन बसलं. आणि एखाद्या कायद्याचं इतक्या निष्ठेनं पालन दुसऱ्या कुठल्या जमातीनं केलं असेल, असं मला वाटत नाही.

रोज सकाळी साडेसातला आमची नेट असते. नेट म्हणजे हवेतली हजेरी. एक जण नेट कंट्रोल होतो, बाकीचे आपापलं कॉलसाइन सांगून हजर होतात. व्हीयू टू, व्हीयू थ्री अशा बिरुदांनी मोठ्या रुबाबात सुरुवात होते आणि बघता बघता गाडी शिरवळच्या गुरुजींच्या परसातल्या पेरूवर येते. पेरूला यंदा कीड आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक काका गुडघ्याचा अहवाल देतात. तळेगावात धुकं आहे. कुणाची तरी सून पोह्यांत साखर जास्त घालते. "काका, फाइव्ह नाइन! गुडघा अगदी खणखणीत येतोय," अशी दाद मिळते, मग सगळ्यांना सेव्हंटी थ्री, म्हणजे आमच्यातला रामराम, आणि मंडळी आंघोळीला पांगतात.

हा गुडघा आणि हे पोहे तीन तालुक्यांत पोचवायला आम्ही एका डोंगरावर लोखंडी कपाट बसवलं आहे. ते कपाट म्हणजे आमचा रिपीटर. ते उभारणाऱ्या आणि त्यात धुगधुगी टिकवून धरणाऱ्या चार-पाच खुळ्यांपैकी मी एक.

हातातल्या हँडीची ताकद असते जेमतेम पाच वॉट. त्यात दोन मीटरच्या पट्ट्यातल्या, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी सरळमार्गी. नाकासमोर चालतात आणि डोंगर आडवा आला की तिथंच थबकतात. आपल्याकडे सह्याद्रीनं डोंगर आडवे घालण्यात काही कसूर ठेवलेली नाही. म्हणून मग त्या डोंगरालाच कामाला लावायचं. माथ्यावरचं यंत्र एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतं आणि तेच, त्याच क्षणी, ६०० किलोहर्ट्झ वरच्या फ्रीक्वेन्सीवर जास्त ताकदीनं बोलून दाखवतं. सातशे मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज जातं साधारण ११० किलोमीटरवर. एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडून देणं हा आपल्याकडे दुर्गुण मानतात. या यंत्राचा सगळा संसार त्याच एका गुणावर चालतो. ऐकलेल्यात तिखटमीठ नाही, 'मी तर आधीच म्हणालो होतो' नाही.

सांगायला हे सोपं आहे. करायला बसलं की कळतं, एकाच वेळी ऐकणं आणि बोलणं ही किती अवघड गोष्ट आहे. (चर्चासत्रांना जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) आमचा ट्रान्समीटर २५ वॉटचा. पन्नास ओहमच्या केबलवर त्याचे होतात ३५ व्होल्ट. आणि त्याच अँटेनावरून, त्याच केबलमधून येणारा शिरवळच्या गुरुजींचा आवाज कधी कधी असतो पाव मायक्रोव्होल्टचा. दोहोंत चौदा कोटी पटींचं अंतर. वरातीतल्या डीजेच्या भिंतीला पाठ टेकून उभं राहायचं आणि पलीकडच्या आळीतली कुजबुज शब्दन्‌शब्द टिपायची, तसला हा प्रकार.

हे जमवून आणतो तो डुप्लेक्सर. दिसायला सहा धातूची नळकांडी, प्रत्येक हातभर उंच. कारण या लहरींची पाव लांबी अर्ध्या मीटरच्या आसपास भरते. तीन ऐकण्याच्या बाजूला, तीन बोलण्याच्या. प्रत्येकाच्या डोक्यातून एक दांडा आत उतरलेला. दांडा वरखाली केला की त्या डब्याला कोणती फ्रीक्वेन्सी रुचते आणि कोणती खपत नाही, ते बदलतं. पूर्वी हे पाहायला लागणारं उपकरण एखाद्या प्रयोगशाळेच्या हातापाया पडून मिळवावं लागे. आता नॅनोव्हीएनए नावाचं तळहातावर मावणारं यंत्र मिळतं आणि त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक पिवळी रेघ उमटते. रेघेला एका जागी खोल खड्डा असतो. ऐकण्याच्या बाजूच्या डब्यांचा खड्डा बरोब्बर आपल्याच ट्रान्समीटरच्या फ्रीक्वेन्सीवर आणायचा, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःच्या कानात शिरत नाही.

खड्डा आणणं कुणालाही जमतं. खरी कसोटी नट आवळण्यात आहे. श्वास रोखून दांडा केसभर फिरवला, खड्डा जागेवर आला, आणि आता तो हलू नये म्हणून नट आवळला की नटाबरोबर दांडाही अंग चोरून थोडा फिरतो, आणि खड्डा जातो शेजारी. सरावलेला माणूस म्हणूनच खड्डा मुद्दाम थोडा चुकीच्या जागी आणतो आणि नटाकडून तो दुरुस्त करून घेतो. एवढं होऊन दुसरा डबा लावला की पहिल्याचं बिनसतं. सहाव्यापाशी पोचावं तोवर तिसरा रुसलेला असतो. शिवाय हे सगळं घरातल्या पंख्याखाली जुळलेलं; डोंगरावर उन्हात धातू तापला, तसूभर वाढला, की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या ओळखीतल्या पक्क्या नास्तिकालाही सहावा नट आवळताना पुटपुटताना मी पाहिलं आहे.

यात थोडं जरी कमीजास्त झालं तर रिपीटर बहिरा होतो. जवळचे लोक छान ऐकू येतात, लांबचे तुटक येतात, नाहीतर येतच नाहीत. गंमत म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज मात्र पार दौंडपर्यंत खडा असतो. अशा स्वभावाचे अध्यक्ष मी दोन-तीन गृहनिर्माण सोसायट्यांत पाहिले आहेत.

रिपीटरमध्ये आणखी एक छोटी सोय असते, टाइमआउट टायमर. कुणी सलग तीन मिनिटं बोललं की यंत्र त्याला तोडतं. मूळ हेतू ट्रान्समीटर तापून जळू नये हा. गुडघेवाल्या काकांना ही तरतूद आपल्याविरुद्धच केली आहे असा दाट संशय आहे. मला विचाराल तर माणसानं लावलेल्या शोधांत याची जागा फार वर आहे, आणि साहित्य संमेलनाच्या मंडपात तो पोचत कसा नाही, याचं मला नवल वाटतं.

उभारणी हे कौतुकाचं काम. फोटो निघतात, पेढे वाटले जातात. देखभालीला कुणी फोटोग्राफर येत नाही. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, एकदा वर जावंच लागतं. अँटेनाच्या केबलचा सांधा उकलायचा, आत हिरवट चढलं आहे का बघायचं, नवा कनेक्टर बसवायचा, त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळायची. सह्याद्रीतला पाऊस खालून वर, आडवा, कसाही पडतो आणि सुईच्या अग्राएवढी फट सापडली तरी केबलच्या जाळीतून उतरत उतरत थेट कपाटात येतो. सोलर पॅनलवर वानरं बसतात. त्यांना तिथून दरी चांगली दिसत असावी. पंख्याच्या जाळीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं असतं. आणि लाल मुंग्यांना फ्यूजच्या डबीत काय सापडतं, हे मुंग्याच जाणोत. बारा व्होल्टची बॅटरी तेवढी कुठलंही कारण न देता मरते.

बॅटरीचं एक बरं की ती लहानथोर पाहत नाही. आपल्या इस्रोनं ५ मे २००५ रोजी हॅमसॅट नावाचा उपग्रह खास हौशी लोकांसाठी सोडला. साडेबेचाळीस किलोचं पिल्लू, सव्वासहाशे किलोमीटर उंचीवर. एक ट्रान्सपाँडर भारतीय बनावटीचा, दुसरा हॉलंडमधल्या एका विद्यार्थ्यानं बनवलेला. आमच्या कपाटाचाच आभाळातला थोरला भाऊ म्हणा ना. त्याचा डोंगर मात्र डोक्यावरून धावायचा, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटांत काय ते बोलून घ्यावं लागे. तो जगभरच्या लोकांना नऊ वर्षं पुरला आणि जुलै २०१४मध्ये गेला. दगा दिला तो बॅटरीनंच. तिथं पक्कड घेऊन कोण चढणार?

"पण आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, मग हे कशाला?" हा प्रश्न आम्हाला वर्गणी मागायला गेलो की हमखास येतो. त्यावरचं आमचं उत्तरही ठरलेलं आहे : आपत्ती. १९९३चा किल्लारीचा भूकंप, २००१चा भूजचा. तारा तुटल्या तेव्हा हौशी लोकांनी बॅटरीवरच्या संचांवरून निरोप पोचवले. यात काही खोटं नाही. मात्र वर्गणीदारापुढे उभा असताना मी जेवढा गंभीर चेहरा करतो, तेवढा साडेसातच्या नेटवर माझा कधीच नसतो. खरं सांगायचं तर आपत्तीत उपयोगी पडू म्हणून कुणी तीस वर्षं गुडघ्याविषयी बोलत नाही. उलट, गुडघ्याविषयी बोलायची खोड असते, म्हणून आपत्तीच्या दिवशी संच चालू सापडतो. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी अंदमानात पोर्ट ब्लेअरला संच लावून बसले होते. का, तर त्या बेटांवरून बऱ्याच वर्षांत कुणी हौशी माणूस हवेत आला नव्हता आणि जगभरच्या छंदिष्टांना आपल्या वहीत अंदमानची नोंद हवी होती. याहून बिनमहत्त्वाचं कारण शोधून सापडायचं नाही. २६ तारखेला समुद्र आत आला, बेटांचा संपर्क तुटला, आणि तेच संच माणसांची खुशाली मुख्य भूमीला कळवत राहिले.

असो. आमच्या कपाटाला एवढ्या मोठेपणाची सवय नाही. त्याच्या रोजच्या देखरेखीसाठी वर एक मावशी आहेत. डोंगरावर येणाऱ्यांना त्या ताक आणि कांदाभजी विकतात. खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला असते. हिरवा दिवा म्हणजे वीज आहे, तांबडा म्हणजे कुणीतरी बोलतंय, एवढं त्यांना सांगून ठेवलं आहे. काही बिघडलं असं वाटलं की मी फोन करतो. "हिरवा हाय," मावशी म्हणतात, "तांबडा सकाळच्याला लई लुकलुकतो, मग दिसभर गप. तुमच्यात कामाची मानसं न्हाईत का?"

कपाटात तपासणीपुरता एक छोटा स्पीकर आहे. मेमधल्या खेपेला तो कुणीतरी चालूच ठेवला, हे आम्हाला पावसाळा सरल्यावर समजलं. समजलं ते मावशींच्या फोनवरून. त्या स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मला वाटलं वीज पडली.

"तांबडा दोन दिस लागला न्हाई," मावशी म्हणाल्या. "गुडघंवालं बरं हायती नव्हं?"

नेट कंट्रोल लेकीकडे बंगळुरूला गेला होता, गुरुजी लग्नात होते, आणि बाकीच्यांनी गृहीत धरलं होतं की दुसरं कुणीतरी नेट घेईल. मी हँडी उचलली आणि काकांना त्यांच्या कॉलसाइननं हाक मारली. ते होतेच. नवीन डॉक्टर, त्यांनी काढलेला एक्स-रे, एक्स-रे बघून डॉक्टरांचा पडलेला चेहरा असं सगळं ओळीनं सांगत ते "आणि मग डॉक्टर मला म्हणतात की" इथवर आले, आणि तीन मिनिटं पुरी झाल्यामुळे टायमरनं त्यांना तोडलं.

लगेच माझा मोबाईल वाजला. "आवं, बंद पडलं की हे," मावशी म्हणाल्या. "डाक्टर काय म्हनला?"