वार लावून मेलबर्न

पुण्यात गरीब विद्यार्थी घरोघर वार लावून जेवत. सोमवार जोशांकडे, मंगळवार लेल्यांकडे, आणि एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी एकादशी, मग पंचांग काहीही म्हणो. १९०९ साली अनाथ विद्यार्थी गृह निघालं ते अशाच मुलांची सोय व्हावी म्हणून. पुढे मेसचे डबे आले आणि वार बंद पडले, असं लोक समजतात. साफ चूक. वारांनी विद्यार्थी व्हिसा काढला आणि ते मेलबर्नला आले.

इथे सत्र चालू असताना विद्यार्थ्याला पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. त्या कमाईतलं बरंचसं खोलीचं भाडं खातं, थोडं रेल्वे खाते, आणि सगळ्यांचं खाऊन झालं की उरेल ते आपण खायचं. क्लेटनला आम्ही मराठी मुलं एका घरात राहतो. नवा आलेला मुलगा प्रत्येक किमतीला पंचावन्ननं गुणतो. कॉफी पाच डॉलर, म्हणजे पावणेतीनशे रुपये. या हिशेबानं माणसाला पाणीसुद्धा घशाखाली उतरत नाही. मग जुनी मंडळी त्याला बाजूला घेऊन वार समजावून सांगतात.

रविवारी सकाळी गुरुद्वारा. लंगरला जात विचारत नाहीत, मार्क विचारत नाहीत, वाढताना हात आखडत नाहीत. जेवल्यावर भांडी घासू लागायचं, एवढी लाज आम्ही राखून आहोत. शहरात काम निघालं तर स्वॉन्स्टन स्ट्रीटवर हरे कृष्णवाल्यांचं स्वस्त शाकाहारी जेवण आहेच. विद्यापीठात कुठली ना कुठली संघटना फुकट सॉसेज भाजत असते. सभा फीवाढीवर असो की हवामानबदलावर, आम्ही आधी धूर कुठून येतोय ते बघतो. भाद्रपदात महाराष्ट्र मंडळाचा गणपती असतो. तिथे आरतीला आमचा आवाज सगळ्यात मोठा, आणि शेवटचं कडवं सुरू झालं की आमची अख्खी रांग टाळ्या वाजवत वाजवत मसालेभाताच्या दिशेनं सरकू लागते.

बुधवार सुपरमार्केटचा. कोल्स आणि वुलवर्थ्स, दोन्हीकडच्या सवलती बुधवारी बदलतात. मोठ्या दुकानांना २००९ पासून किमतीखाली ‘शंभर ग्रॅमला किती’ हे बारीक अक्षरांत छापावं लागतं. या देशाला कायदा करून जे जमवावं लागलं ते माझी आई तुळशीबागेत उभ्या उभ्या, दुकानदाराशी बोलता बोलता करते. तांदूळ आणि तूरडाळ मात्र डँडेनाँगच्या देशी दुकानातून, मोठ्या पिशवीनं. तिथे सवलतीची वाट बघायची नसते, पिशवी खांद्यावर कोण घेणार यावर भांडायचं असतं.

रविवारची दुपार क्वीन व्हिक्टोरिया मार्केटची. ही मंडई १८७८ सालची. तिचा काही भाग जुन्या दफनभूमीवर उभा आहे आणि हजारो माणसं अजून खालीच आहेत. ही माहिती मी घरी दिलेली नाही. सोमवारी मंडई बंद, त्यामुळे रविवारी तीनच्या सुमाराला भाजीवाल्यांचा धीर सुटतो आणि ‘वन डॉलर, वन डॉलर’चा गजर सुरू होतो. अशा वेळी आमच्यातला सांगलीकर पुढे होतो. तो भाव विचारत नाही. एक टोमॅटो उचलतो, अंगठ्यानं दाबतो, देठाकडून बघतो, तोंड वाकडं करतो आणि परत ठेवून चालू लागतो. भाजीवाला इटालियन असो की व्हिएतनामी, पाचव्या पावलाला मागून हाक येते, ‘टू बॉक्स! टेक, टेक!’ सांगलीकर वळतो तेसुद्धा उपकार केल्यासारखा.

अशाच एका विजयात ढोबळी मिरचीचं अख्खं खोकं घरी आलं. सोमवारी पीठ पेरून, मंगळवारी बटाटा भरून, बुधवारी दाण्याचं कूट लावून, गुरुवारी पंचामृत. शुक्रवारी कुणीतरी पिझ्झा मागवायची भाषा केली आणि त्यावरही ढोबळी मिरचीच येते हे लक्षात आल्यावर सगळे गप्प बसले.

मी येण्याआधी, २०२२ च्या जूनमध्ये, आधीच्या पुरांनी पिकं बुडाल्यामुळे इथे लेट्यूसचा एक गड्डा दहा डॉलरवर गेला. केएफसीनं बर्गरमध्ये लेट्यूसच्या जोडीला कोबी घालायला सुरुवात केली आणि देशभर बोंब झाली. आमची थोरली मंडळी तो काळ अजून अभिमानानं सांगतात. ज्या भाजीपायी ती मेस सोडून पळाली, ती परदेशात मोठ्या हुद्द्यावर लागली होती.

शिवाय प्रत्येकाला एक काकू लागते. आमच्या काकूंच्या घरी कुंडीत कढीपत्ता आहे. मेलबर्नची थंडी त्याला मानवत नाही, म्हणून हिवाळ्यात तो दिवाणखान्यात, खिडकीपाशी बसतो. काकांची खुर्ची तेवढे महिने दाराजवळ असते. दुकानात चार काड्या घ्यायच्या तर जीव वर येतो, काकू मात्र मूठभर तोडून देतात. निघताना त्या हमखास विचारतात, ‘डबा आणलायस का रे?’

‘छे हो काकू, उगाच कशाला!’ असं म्हणत आम्ही पाठीवरच्या पिशवीतून दोन लिटरचे आइस्क्रीमचे रिकामे डबे काढतो. झाकणांसकट.

राहता राहिला कोल्हापूरकर. मेंढीच्या मटणाचे भाव बघून तो खचला होता. मग त्याला दुकानात कांगारू दिसलं. या देशाच्या राजचिन्हावरचा प्राणी शेजारच्याच फळीवर प्लास्टिकमध्ये मिळतो, त्यात चरबी जवळजवळ नसते, आणि भाव मेंढीपेक्षा कमी. त्यानं कांदा-लसूण मसाल्याची पुडी सोडली. घरभर असा वास सुटला की शाकाहारी सांगलीकरसुद्धा स्वयंपाकघरात दोनदा पाणी प्यायला आला. तेवढ्यात कोल्हापूरकराच्या आईचा व्हिडिओ कॉल.

‘काय शिजतंय रे?’

‘मटण.’

‘कशाचं? बोकडाचंच ना?’

‘इथल्या बोकडाचं, आई.’

‘मग चांगल्या सहा शिट्ट्या होऊ दे.’

आईचा शब्द त्यानं मोडला नाही. रस्सा फर्मास झाला, मी तीन वाट्या प्यायलो. तुकडे मात्र कोल्हापूरकर अजून चावतोय, आणि अस्सल कोल्हापुरी मटण असंच लागतं असं आम्हाला सांगतोय.