पाइपातला पालक

विरार पश्चिमेच्या बहुतेक सोसायट्यांत असे एक काका सापडतातच. नोकरीची सगळी वर्षं चर्चगेट लोकलमध्ये उभ्याने काढलेली, आता निवृत्त. गुडघे ठणठणीत आणि वेळच वेळ. यूट्यूबवर त्यांना बिनमातीची शेती दिसली आणि दुसऱ्या दिवशी हॉलमधला सोफा गॅलरीत गेला.

सोफ्याच्या जागी चार इंची पीव्हीसी पाइप. पाइपाला भोकं, भोकांत जाळीचे पेले, पेल्यात भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि त्यातून डोकावणारा पालक. खाली बादलीत फिशटँकचा पंप. वर जांभळे एलईडी. समोरच्या बिल्डिंगीत बरेच दिवस समज होता की काकांनी ऑर्केस्ट्रा बार काढलाय.

खिशाला पेनाऐवजी पीएच मीटर. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहा हवा, हे ते 'कसं काय'च्या आधी सांगतात. परवा माझ्या चहात मीटर बुडवून म्हणाले, "सहा पॉइंट चार! ह्यात पालक येईल."

खताच्या बाटल्या दोन, ए आणि बी. काकूंनी एकदा पसारा नको म्हणून दोन्ही एकात ओतल्या. कॅल्शियमची सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडून तळाशी पांढरा गाळ बसला आणि काका सुतक असल्यासारखे बसले. तेवढ्यातही कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक गेरिके आलेच. त्यांनी 1930च्या दशकात पाण्यावर टोमॅटो इतके उंच वाढवले की तोडायला शिडी लागे. काका हे मामाकडची गोष्ट असावी तशा जिव्हाळ्याने सांगतात.

सोसायटीत सगळे विचारतात, टँकर कधी येणार. काका विचारतात, टीडीएस किती. बोअरिंगचं खारं पाणी त्यांच्या पालकाला चालत नाही, त्याला सूर्या धरणाचंच लागतं. सेक्रेटरी भडकले की काकांचं उत्तर तयार: पाणी फिरतं राहतं, मातीपेक्षा कितीतरी कमी लागतं. मुद्दा खरा आहे, म्हणूनच सेक्रेटरी आणखी भडकतात.

खरी परीक्षा लाइट गेल्यावर. पंप थांबला की पाइपातला पाण्याचा पातळ थर ओसरतो आणि उन्हाळ्यात मुळं काही तासांत सुकतात. मग रात्री दोनला काका बनियनवर, टॉर्च दातांत धरून, मगाने पाइपात पाणी ओततात. मुलांच्या तापाला ते कधी असे उठले नव्हते, असं काकू सांगतात.

काकू भाजी घेतात ती आगाशीच्या वाडीतून येणाऱ्या मावशींकडून, मुळांना माती लागलेली. काकांनी एकदा मावशींना आपली जुडी दाखवली. त्यांनी ती उलटीपालटी केली, वास घेतला.

"चांगली आहे हो. कितीला पडली?"

काकांना अचानक पंप आठवला.

पालक मात्र कोवळा असतो आणि चवीला उत्तम. अशा काकांकडे गेलात तर तोंडभर तारीफ करा, दोन पानं मागून खा. हिशोब तेवढा विचारू नका.