बदकाचं विवरणपत्र

डोनाल्ड डक १९३४ साली पडद्यावर आला तोच पोटदुखीचं सोंग घेऊन. ‘द वाइज लिटल हेन’मधली कोंबडी मका पेरायला हाक मारायची, की याच्या पोटात कळ. कामचुकार, तापट, बोललेलं निम्मं कळत नाही, वर अंगात नुसता खलाशाचा सदरा. असा उमेदवार सरकारला आदर्श नागरिक म्हणून पसंत पडणारच!

१९४२मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्यासाठी निघालेल्या ‘द न्यू स्पिरिट’मध्ये स्वारी प्राप्तिकराचा फॉर्म भरायला बसली. जवळ डोकेदुखीच्या गोळ्या. व्यवसाय : अभिनेता. उत्पन्न : २,५०१ डॉलर. अवलंबित : बहिणीने गळ्यात बांधलेले तीन भाचे. कर निघाला १३ डॉलर. एवढ्यासाठी हा गडी टपालपेटी सोडून कॅलिफोर्नियाहून थेट वॉशिंग्टनला धावत सुटला! (प्रवासखर्चाची वजावट मागितल्याचं कुठे दिसत नाही.)

पुढल्याच वर्षी त्याच्या ‘डेर फ्युरर्स फेस’ला ऑस्कर मिळालं. बाहुली अर्थात मालकांकडे, वॉल्ट डिस्नेंकडे गेली. बदकाला रोजच्या वापरातली विजार काही अजून मिळालेली नाही.