काचेच्या पेठेचा कौल

घरात मासे पाळावेत ही इच्छा गृहस्थाच्या मनात बहुधा दुसऱ्याच्या दिवाणखान्यात उत्पन्न होते. यजमान चहाची सूचना देण्यास आत गेलेले असतात, हाताशी असलेले वर्तमानपत्र आदल्या दिवसाचे असते, आणि समोरच्या काचपात्रात चार-सहा रंगीत जीव जगात कोठेही वेळेवर पोहोचावयाचे नसल्यासारखे फिरत असतात. तेव्हा पाहुण्यास असे वाटू लागते की, योगाभ्यासाहून कमी कष्टाचा आणि तीर्थयात्रेहून कमी खर्चाचा हा चित्तशांतीचा मार्ग आपल्यासारख्या प्रपंची मनुष्याकरिताच निघालेला असावा. त्याच सायंकाळी तो दोन फुटी टाकी, रंगीत खडे, तोंडाची उघडझाप करणारी प्लॅस्टिकची मगर आणि सहा मासे अशी एकत्र खरेदी करून रिक्षाने घरी येतो, रात्री नऊच्या आत सहकुटुंब जलपूजन उरकतो, आणि आठवडा पुरा होण्यापूर्वी, मुले शाळेत गेल्याची खात्री करून घेऊन, उत्तरक्रियाही उरकतो.

या प्रसंगी दुकानदार म्हणतो की मासे नाजूक निघाले, शेजारी म्हणतात की पाणी बाधले, आणि घरातील वडीलधारी मंडळी मीठ-मोहऱ्या शोधू लागतात. तिघांत शेजारी सत्याच्या थोडे निकट आहेत. मासा जे उत्सर्जित करतो त्यात अमोनिया प्रमुख असून तो बराचसा कल्ल्यांवाटे बाहेर पडतो. नदीत त्याची विल्हेवाट लावणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात. कालच भरलेल्या टाकीत ते नसतात, आणि म्हणून तो गरीब जीव, कोणीही दृष्ट न लावता, स्वतःच्याच उत्सर्गाने मरतो. सबब प्रस्तुत मार्गदर्शनाचे मुख्य कलम आरंभीच नमूद करतो: नव्या मत्स्यपात्रात पहिले चार ते सहा आठवडे मासा ठेवू नये. बाकीची सर्व कलमे या कलमाच्या पोटातली आहेत.

सातारा-सांगलीच्या रहिवाशांस हे पटण्यास अडचण पडू नये, कारण ही दोन्ही नगरे आपोआप वाढलेली नसून कोणीतरी विचारपूर्वक वसविलेली आहेत. साताऱ्याच्या पेठा शाहू महाराजांच्या कारकीर्दीत उभ्या राहिल्या. सांगलीस चिंतामणराव पटवर्धनांनी मिरजेतून विभक्त होऊन आपली गादी मांडली. त्या काळी नवी पेठ बसवावयाची म्हणजे आधी पाण्याची तजवीज होई, मग पहिल्या वसाहतवाल्यांस कौल दिला जाई, त्यांच्यावर पहिल्याच वर्षी पूर्ण आकारणी न करता इस्ताव्याने ती हळूहळू चढविली जाई, आणि घडी बसल्यावर मोठमोठे सावकार राहावयास येत. आपल्या टाकीतले सावकार म्हणजे मासे. कौल द्यावयाचा तो डोळ्यांस न दिसणाऱ्या जंतूंना.

प्रथम जागेचा निर्णय. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशा टाकीत सुमारे छप्पन्न लिटर, म्हणजे छप्पन्न किलो पाणी मावते; काच, वाळू व दगड मिळविले असता एकंदर वजन एका धडधाकट गृहस्थाइतके होते. ज्या फळीवर आपले मेहुणे बसले असता आपणांस धास्ती वाटेल तिच्यावर टाकी ठेवू नये, हा नियम पुरेसा आहे. खिडकीतले ऊन टाळावे, अन्यथा माशांपूर्वी शेवाळ वस्तीस येते. साताऱ्यास विशेष अडचण अशी की, अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवर वसलेल्या जुन्या घरांत संपूर्ण सपाट जागा हा कौटुंबिक वादाचा विषय असतो. तेथे गवंड्याची पाणपातळी आणून पाहावे आणि टाकीखाली थर्माकोलचा पत्रा अंथरावा, म्हणजे काचेच्या तळावर एकाच कोपऱ्यात भार येत नाही. सांगलीत प्रश्न सपाटीचा नसून उंचीचा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेने चाळीस फूट गाठले की इशारा आणि पंचेचाळीस गाठले की धोका, हे तेथील शाळकरी मुलासही ठाऊक असते, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तोच आकडा सत्तावन्नापलीकडे गेलेला ज्याने पाहिला तो गृहस्थ टाकीच काय, देव्हारासुद्धा माडीवर ठेवण्याचा विचार करतो. पुरात मासे बुडत नाहीत हे खरे. ते केवळ रजा न घेता निघून जातात, आणि त्याविषयी पुढे लिहावयाचे आहे.

आता पाणी. साताऱ्याच्या काही भागास कासच्या तलावाचे पाणी उतारानेच येते, आणि जांभ्या दगडाच्या पठारावर साचलेले ते पाणी किती हलके आहे याविषयी सातारकरासमोर शंका काढू नये. सांगलीस कृष्णाच पाजते. मात्र ती तेथवर येईतो माहुलीस वेण्णा, कऱ्हाडास कोयना आणि वाटेत ऊसमळ्यांचे पुष्कळ काही पोटात घेऊन आलेली असते, आणि हरिपुरास तिला वारणाही मिळते. अभिमान कोणाचाही असो, नळातून येते त्यात क्लोरीन असते, आणि जंतू मारण्यासाठीच घातलेला हा पदार्थ आपण ज्यांना कौल दिला त्यांच्यात व पटकीच्या जंतूंत भेद करीत नाही. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे; घाई असल्यास जुन्या छायाचित्रकारांच्या अंधाऱ्या खोलीतला हायपो थोडासा घालावा. पाण्यातील क्षार मात्र मोजून पाहावेत, कारण अमोनियाचा निकाल लावताना हे जंतू पाण्याची क्षारता खर्च करतात, आणि फार हलक्या पाण्यात आम्लता वाढून त्यांचे काम बंद पडते. येथे सांगलीकर जिंकतो. त्याने ते बोलून दाखवू नये.

वाळूच्या बाबतीत वाचकांस कळकळीची विनंती आहे की, कृष्णाकाठी राहतो एवढ्या आधारावर पिशवी घेऊन नदीपात्रात उतरू नये. वाळू हे गौण खनिज असून १९६६ च्या जमीन महसूल संहितेखाली तिच्या विनापरवाना उत्खननास दंड आहे. दोन किलो वाळूसाठी तलाठी पंचनामा करीत नाही हे आम्हांस मान्य आहे, परंतु रात्री नदीतून पिशवी घेऊन वर येणाऱ्या मनुष्यास ‘माशांसाठी नेतो’ हा जबाब जन्मभर पुरत नाही. बाजारातील बारीक काळी खडी घ्यावी, तिच्यावर लिंबाचा रस पिळून फेस येतो का पाहावे, आल्यास तीत चुना आहे असे समजून परत करावी, न आल्यास बादलीत धुवावी. किती वेळा धुवावी असे विचारतात. पाणी स्वच्छ निघेपर्यंत. आणि ते निघेपर्यंत घरातील दुसऱ्या कोणासही न्हाणीघर लागणार नाही अशी वेळ निवडावी.

टाकी भरली, हवेचा पंप सुरू झाला, स्पंजाचा गाळक बुडबुडे सोडू लागला, आता जंतूंचा प्रवेश. ते मुद्दाम आणावे लागत नाहीत, हवेतून, पाण्यातून येतातच. एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा मिळाल्यास मात्र ते सपरिवार येतात. त्यांची दोन खाती आहेत. पहिले खाते अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. आणि पहिल्याकडून कागद पुढे आल्यावाचून दुसरे आपले दफ्तर उघडीत नाही, म्हणून मधल्या काळात नायट्राइट तुंबून राहते, जे माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेते. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी असून ते आठवड्यास थोडे पाणी बदलून काढून टाकता येते. या जंतूंना विनोग्राद्स्की नामक रशियन पंडिताने १८९० च्या सुमारास झुरिच येथे वेगळे करून दाखविले. पण त्यांची चाकरी त्याहून पुष्कळ जुनी आहे. जुन्या गोठ्यांच्या आणि पडक्या भिंतींच्या मातीतून पूर्वी जो सोरा काढीत आणि जो तोफांच्या दारूत पडे, तो नायट्रेटच होय, व तो जमविणारे कारकून याच कुळातले. ज्यांनी गडावरच्या तोफांस दारू पुरविली त्यांच्याकडे आता चार माशांची मोरी सोपवावयाची आहे, हे लक्षात ठेवून त्यांना थोडा अदबीने वेळ द्यावा.

त्यांना खावयास अमोनिया हवा, आणि मासा तर अजून नाही. काही लोक रोज चिमूटभर मत्स्यखाद्य टाकून ते कुजू देतात. त्याहून सुबक उपाय नवसागराचा. कल्हईवाला तापल्या भांड्यावर जो फासून पांढरा धूर काढीत असे तोच हा पदार्थ. मात्र त्याच्या पिशवीतला न घेता रासायनिक दृष्ट्या शुद्ध असा घ्यावा. पन्नास लिटर पाण्यास साधारण एक तृतीयांश ग्रॅम घातला असता लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. चाचणीच्या नळकांड्यात दर दोन दिवसांनी पाणी घेऊन रंग पाहावा आणि रोजनाम्यात लिहावा. घातलेला नवसागर चोवीस तासांत संपून अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले, म्हणजे पेठ बसली. हे सर्व चोवीस ते सत्तावीस अंश उबेत त्वरेने होते. पौषातल्या साताऱ्यात मंदावते, म्हणून पन्नास वॉटचा तापक लावावा लागतो, आणि ‘कोणासाठी ऊन करता आहात हे पाणी?’ या प्रश्नास घरात उत्तर द्यावे लागते. दिवसभर अखंड चालला तरी सव्वा युनिटाहून कमी वीज जाते, हे उत्तर खरे आहे, पण ते विचारलेल्या प्रश्नाचे नाही.

कुटुंबीयांचा विरोध सौम्य असतो. खरा प्रसंग पुढे आहे. एके सकाळी आरोग्यसेविका घरोघरी साठवलेले पाणी तपासत येतात. डेंग्यूचा डास घरातल्या स्वच्छ, स्थिर पाण्याच्या भांड्याच्या कडेला अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून सर्व भांडी रिकामी करावीत असा शिरस्ता आहे, व तो सर्वथा योग्य आहे. या सेविकाताई दिवाणखान्यात येतात, छप्पन्न लिटर स्वच्छ पाणी पाहतात आणि विजेरी लावतात.

“काका, यात मासे दिसत नाहीत.”

“अजून यायचे आहेत.”

“कधी?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग पाणी आत्ताच का भरलंत?”

येथे जो गृहस्थ नायट्रोजनचक्राचे विवेचन आरंभितो त्याचे काही खरे नाही. ताईंसमोर तीन मार्ग असतात: पाणी ओतून देणे, त्यात अळीनाशक अबेटचे थेंब सोडणे, किंवा तिसरा, जो त्या स्मितपूर्वक सुचवितात: “आमच्याकडे गप्पी मासे आहेत, फुकट. दोन सोडते, म्हणजे अळ्यांचा प्रश्नच मिटला.” शास्त्राने एक महिना ज्याची मनाई केली तेच सरकार घरपोच, विनामूल्य आणि सार्वजनिक हिताच्या नावाने देऊ करते, मोह केवढा! शिवाय शेजारी पुरावा देतात की, गावच्या विहिरीत गप्पी सोडले तेव्हा कोणी नवसागर घातला नव्हता, आणि ते तेथे पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदत आहेत. या युक्तिवादास उत्तर आहे, पण त्यास त्रैराशिक लागते. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते सुमारे एकोणसाठ हजार लिटर होते, आपल्या टाकीच्या हजारपट. आणि तिच्या दगडादगडावर दोन्ही खात्यांची दफ्तरे वर्षानुवर्षे भरलेली असतात. तेव्हा ताईंस नम्रपणे सांगावे की, टाकीवर बारीक जाळी घट्ट बसविली आहे, पंपाने पाणी सदैव हलते ठेवले आहे, अबेट कृपा करून यात घालू नये, आणि गप्पींचा प्रस्ताव पुढील महिन्यात अवश्य विचारात घेऊ. जाळी प्रत्यक्ष दाखवावी. नुसते सांगून चालत नाही. त्यांनी तशी आश्वासने पुष्कळ ऐकली आहेत.

आणखी एक धोका घरातूनच उद्भवतो. तिसऱ्या आठवड्यात स्पंज तपकिरी, बुळबुळीत होतो, आणि कोणीतरी कर्तव्यदक्ष व्यक्ती तो नळाखाली साबण लावून शुभ्र करून ठेवते. सारी पेठ एका दुपारी उजाड. स्पंज पिळावयाचाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, आणि तो कोणाच्याही नजरेस पडणार नाही अशा कोपऱ्यात बसवावा.

महिना-दीड महिना लोटला, चाचणी उतरली, की निम्मे पाणी बदलून माशांस बोलवावे. तेही इस्ताव्याने: प्रथम चार, मग दोन आठवड्यांनी आणखी दोन. पिशवी पाण्यावर वीस मिनिटे तरंगत ठेवावी, टाकीतले पाणी तीत थोडे थोडे घालावे, मग मासा जाळीने उचलून सोडावा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे. पहिल्या दिवशी खाद्य घालू नये. चालुक्य नृपती सोमेश्वराने बाराव्या शतकात आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात माशांना काय खाऊ घालावे याचा स्वतंत्र विचार केला आहे. पण त्याचा हेतू पुढे त्यांना गळास लावण्याचा होता, आणि त्याच्याजवळ नद्या व राजतळी होती. दोन फुटी टाकीच्या मालकाने दोन मिनिटांत संपेल तेवढेच घालावे.

कोणता मासा, हा प्रश्न वाचकांनी आतापर्यंत विचारला नाही याबद्दल आभार. पाणी जड असेल तर ताईंनी देऊ केलेला गप्पीच उत्तम. त्रिनिदाद व दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातून आलेला असल्यामुळे तो उष्णकटिबंधीय या पदवीस पूर्ण पात्र आहे, आणि दुकानात त्याच्याच शेपटीवर रंग चढवून त्याचे पैसे घेतात. फक्त एवढे ध्यानात असावे की, तो अंडी न घालता पिल्लेच देतो, सुमारे चार आठवड्यांनी पुन्हा देतो, आणि मादी एकटी आणली तरी पूर्वसंचिताच्या बळावर कित्येक वेळा देत राहते. वाढलेली वस्ती कृष्णेत, वेण्णेत किंवा ओढ्यात सोडू नये. नदीत बाहेरून आलेल्या चिलापीने मूळच्या माशांना काय दिवस दाखविले ते कोणाही कोळ्यास विचारावे. जादा गप्पी झाकणास भोके पाडलेल्या डब्यात घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन द्यावेत. पोच मागू नये. मागितल्यास अर्ज तीन प्रतींत लागेल, आणि तोवर डब्यात आणखी वीस झालेले असतील.