मिरासदार, उपरी आणि आठ लेन

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाकडे हिवाळ्यात पाहुणा म्हणून राहण्याचा योग ज्यांना आला असेल त्यांना हे ठाऊक असेल की, मिशिगन सरोवर दाखवून झाले, चीजचे दुकान पालथे घालून झाले आणि बर्फाविषयीचे पाहुण्याचे कौतुक ओसरू लागले, म्हणजे यजमान हटकून बोलिंगचा प्रस्ताव मांडतो. प्रस्ताव अत्यंत सात्त्विक असतो. लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, एक जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला निमूट उभ्या असलेल्या दहा पिनांपैकी जितक्या पडतील तितक्या पाडायच्या, यात कोणाचे काही बिघडण्यासारखे नाही. पाडलेल्या पिना पुन्हा उभ्या करण्याचे कामही यंत्र करीत असल्यामुळे वाकण्याचा प्रसंग येत नाही, ही आमच्या वयाच्या माणसाला विशेष सोय. अडचण खेळात नाही. अडचण अशी की, हा खेळ जेथे खेळायचा ती गावातली लहानशी बोलिंग ॲली उघडी केव्हा असते, आणि उघडी असलीच तर तीतली एखादी लेन मोकळी केव्हा असते, या दोन प्रश्नांची उत्तरे एकाच संध्याकाळी अनुकूल येण्याचा मुहूर्त कोणत्याही पंचांगात दिलेला नाही.

वास्तविक या खेळाइतका मोजमापाने बांधलेला व्यवहार क्वचितच आढळेल. 1895 साली न्यूयॉर्क शहरात अमेरिकन बोलिंग काँग्रेस ही संस्था स्थापन झाली आणि तोवर गावोगावी आपापल्या मर्जीने चाललेल्या या खेळाला तिने शिस्तीचा बंदोबस्त लावला. फाऊल रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंतचे अंतर 60 फूट, लेनच्या पट्ट्या 39, पिनेची उंची 15 इंच, चेंडूचे वजन फार तर 16 पौंड, असे सारे मुक्रर झाले. ही संस्था पुढे कित्येक दशके विस्कॉन्सिनातल्याच मिलवॉकीच्या परिसरात नांदली, आणि 2008 साली तिच्या वारस संस्थेने आपले दफ्तर टेक्ससमधील आर्लिंग्टनला हलवले तेव्हा येथील जुन्या खेळाडूंना गावची पेठ उठून गेल्याचे दुःख झाले. आजही मान्यताप्राप्त लेनची दरसाल तपासणी होते आणि पट्टी केसभर वर उचलली गेली असेल तर ती बसवून घ्यावी लागते. सव्वाशे वर्षांच्या या सूक्ष्म कायदेकानूंत एक कलम तेवढे घालायचे राहून गेले: ॲली किती वाजता उघडावी.

आमच्या भाच्याच्या गावी जी आठ लेनची ॲली आहे तिच्या दारावर वेळेसंबंधी एकंदर तीन जाहीरनामे आहेत. पहिला काचेवर सोनेरी अक्षरांत रंगवलेला असून तो मागील मालकाच्या अमदानीतला आहे. नव्या मालकाने तो खरवडायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला, त्यामुळे ॲली ‘दुपारी’ उघडते एवढेच त्यातून निष्पन्न होते. दुसरा म्हणजे पुठ्ठ्याचे घड्याळ, ‘एवढ्या वाजता परत येतो’ असे सांगणारे; त्याचा तास काटा गळून पडला असून मिनिट काटा वीसवर स्थिर आहे, तेव्हा कोणत्यातरी तासाला वीस मिनिटे झाली की मालक येणार, याविषयी शंका उरत नाही. तिसरा आणि सध्या अंमलात असलेला जाहीरनामा बिअरच्या खोक्याच्या तुकड्यावर जाड मार्करने लिहिलेला आहे: ‘चारनंतर. गिऱ्हाईक नसल्यास लवकर बंद.’ या शेवटच्या कलमाची मी मनोमन तारीफ केली. आमच्या सचिवालयात हयात घालवलेल्या मसुदेकारालाही इतक्या थोड्या शब्दांत इतकी मोठी मुखत्यारी मालकाकडे राखून ठेवता आली नसती. कारण गिऱ्हाईक आहे की नाही याचा निवाडा करणारा तोच, आणि दार लावणाराही तोच. मोबाइलमधला नकाशा मात्र ‘आता उघडे आहे’ असे छातीठोकपणे सांगत असतो, आणि सुशिक्षित माणसे बर्फात उभी राहून बंद दाराकडे पाहण्याऐवजी त्या नकाशाकडे पाहत राहतात.

दार उघडे सापडले म्हणजे भाग्य उघडले, असे नवख्याला वाटते. आम्ही आत शिरलो तेव्हा सायंकाळचे साडेपाच झाले होते आणि आठही लेन दिव्यांच्या प्रकाशात आरशासारख्या चकाकत रिकाम्या पडल्या होत्या. मालक काउंटरमागे बुटांच्या एकेका जोडात फवारा मारीत होता. “एक लेन हवी होती,” भाचा म्हणाला. “लेन नाही,” मालकाने बुटावरची नजर न काढता सांगितले. मी त्या आठ रिकाम्या लेनकडे पाहिले, मालकाकडे पाहिले, आणि आयुष्यात इतक्या उघड विसंगतीला इतक्या शांतपणे सामोरा जाणारा माणूस मी पाहिला नसल्याची नोंद घेतली. तेवढ्यात भाच्याने बाही ओढली. “मामा, आज मंगळवार. साडेसहाला लीग आहे. तेल घालून झालंय.”

हे तेलाचे प्रकरण जरा विस्ताराने सांगण्यासारखे आहे. लेनच्या लाकडावर, खेळाडूच्या बाजूने जवळजवळ दोन तृतीयांश अंतरापर्यंत, डोळ्यांना न दिसणारा तेलाचा पातळ थर यंत्राने ठराविक नमुन्यात चढवतात. तेलावरून चेंडू सरळ सरकतो, आणि तेल संपले की कोरड्या पट्टीवर पकड घेऊन वळतो. त्या वळणाच्या जोरावरच जाणकार मंडळी पिनांचा फडशा पाडतात. प्रत्येक चेंडूगणिक हा थर थोडाथोडा पुसला जातो, म्हणून लीगपूर्वी तेल पडलेल्या लेनवर आमच्यासारख्याने चेंडू टाकला तर नमुना बिघडतो. थोडक्यात, साडेपाच ते साडेसहा लेन सोवळ्यात असते. साडेसहाला लीग सुरू होते; चार-चार जणांचे आठ संघ, दोन लेनच्या जोडीवर दोन संघ, प्रत्येकाचे तीन डाव, म्हणजे आठही लेन नवाच्या सुमारास सुटतात. नवाला मालक भट्टी विझवतो आणि सभोवार पाहतो. गिऱ्हाईक कोणी नसते, कारण जे होते ते साडेपाचाला परत पाठवलेले. मग तिसऱ्या जाहीरनाम्यातले शेवटचे कलम लागू होते.

पेशवाईच्या दफ्तरात रयतेचे जे दोन वर्ग आढळतात त्यांचे स्मरण मला या प्रसंगी झाले, आणि माझा इतिहासाचा अभ्यास अगदीच फुकट गेला नाही असे वाटले. एक मिरासदार, जमीन त्याची वडिलोपार्जित, सारा बिनचूक भरीत असेतोवर त्याला कोणी हुसकावू शकत नाही, आणि गावच्या पांढरीत त्याला मान. दुसरा उपरी, बाहेरून आलेला, कौलाने जमीन कसणारा, आज आहे तर उद्या नाही. बोलिंग ॲलीत लीगवाले मिरासदार होत. सप्टेंबरापासून एप्रिलापर्यंत आठवड्याचा तोच वार, तीच घटका त्यांच्या नावे लागलेली असते. एखाद्याला पडसे झाले आणि तो आला नाही तरी त्याचा त्या रात्रीचा सारा भरावाच लागतो, आणि भरला जातो. त्यांचे बूट स्वतःचे, चेंडू स्वतःचा, बोटांच्या मापाने भोके पाडून घेतलेला. भिंतीतील कपाटांच्या किल्ल्या बापाकडून मुलाकडे जातात. काउंटरवरच्या जुन्या छायाचित्रात एकसारखे सदरे घालून उभी असलेली माणसे ही सध्याच्या मंगळवारच्या मंडळींचे आजे असून नाके तीच आहेत. भाड्याचे बूट पायांत कोंबून, कोणाच्याही मापाचा नसलेला चेंडू उचलणारे आम्ही ते उपरी. मुंबई राज्यात 1 एप्रिल 1957 रोजी कसेल त्याची जमीन झाली. विस्कॉन्सिनात कुळकायदा अद्याप पोहोचलेला नाही, नाहीतर टाकेल त्याची लेन या न्यायाने आम्हीही ममलेदारापुढे अर्ज ठोकला असता.

मंगळवार गेला तर शुक्रवारी जाऊ, असे म्हणणाऱ्याला या राज्याच्या चालीरीती ठाऊक नाहीत. शुक्रवारी रात्री विस्कॉन्सिनात मासळी तळतात, आणि ती मद्यालयांप्रमाणे बोलिंग ॲलीतही तळतात. अंगणात मोटारींना जागा नसते, आत पाय ठेवायला जागा नसते, आणि लेन मात्र साऱ्या मोकळ्या! पण मालकाचे दोन्ही हात पिठात. बूट देणार कोण? शनिवारी सकाळी मुलांची लीग, दुपारी वाढदिवस, रात्री दिवे मालवून रंगीत झगमगाटात खेळणाऱ्या तरुणांचा धिंगाणा. आमच्या वयाच्या माणसाने अंधारात तेलकट लाकडाजवळ फिरू नये हे डॉक्टरांचे मत. रविवारी ग्रीन बे पॅकर्स या येथील फुटबॉल संघाचा सामना असतो, आणि सामना चालू असता चेंडू मागणाऱ्याकडे सबंध गाव ज्या नजरेने पाहते ती एकदा अनुभवली म्हणजे पुरे. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम येतो; तेव्हा लीग नसते हे खरे, पण मालकही रानात असतो. आणि उन्हाळ्यात? उन्हाळ्यात तो उत्तरेच्या तळ्यांवर मासे धरायला जातो, आणि दारावरचे खोके उलटे फिरवून ‘सप्टेंबरात भेटू’ असे लिहितो.

अशा स्थितीत रॉबर्ट पुटनम या हार्वर्डच्या प्राध्यापकांचा सिद्धांत वाचून मी थक्क झालो. 1995 साली त्यांनी एक गाजलेला निबंध लिहिला आणि 2000 साली त्याचा ग्रंथ केला. त्यात त्यांनी असे दाखवले की 1980 ते 1993 या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे शेकडा दहांनी वाढले, पण लीगमध्ये खेळणारे शेकडा चाळीसांनी घटले, म्हणजे अमेरिकन माणूस आता एकटा खेळू लागला आहे आणि त्याबरोबर लोकशाहीला आधारभूत असलेले साहचर्य लोप पावत आहे. आकड्यांशी माझे भांडण नाही. माझी नम्र पृच्छा एवढीच की, या एकट्या माणसाला लेन मिळते कोठे? आमच्या गावी तो मिळाला तर मी त्याला हार घालीन. राज्यशास्त्राच्या या प्राध्यापकांनी लोकशाहीच्या ऱ्हासाची चिंता करण्यापूर्वी मंगळवारी साडेपाचाला येथे यावे आणि रिकाम्या आठ लेनपुढे उभे राहून साहचर्याचा जोर अनुभवावा.

लीगचा हा अंमल थेट राष्ट्राध्यक्षांच्या घरापर्यंत पोहोचला होता, हे सांगितले म्हणजे माझ्या तक्रारीस वजन येईल. 1947 साली मिसुरीच्या लोकांनी ट्रूमन यांना व्हाइट हाउसमध्ये बोलिंगच्या लेन बांधून दिल्या. ट्रूमन यांना खेळाची फारशी गोडी नव्हती. परिणाम जो व्हायचा तोच झाला, आणि 1950 मध्ये तेथील नोकरवर्गाने आपली लीग सुरू केली. पुढे 1955 साली त्या लेन समोरच्या सरकारी इमारतीत हलवण्यात आल्या. निक्सन यांना मात्र खेळाचा खरा षौक. त्यांनी व्हाइट हाउसच्या उत्तर दरवाज्याखाली नवी लेन करवली, आणि ती एकच करवली. लीगला लेनची जोडी लागते. एका लेनवर लीग भरत नाही. त्या मुत्सद्द्याच्या इतर कृत्यांविषयी इतिहासाने काय म्हणायचे ते म्हणावे, या एका निर्णयात त्यांची दूरदृष्टी वादातीत आहे.

आता न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. ज्या काळी पिना उभ्या करायला पोरे ठेवीत त्या काळी पोरे आली तर ॲली चालू, नाहीतर बंद. मिलवॉकीत हॉलर हाउस नावाच्या मद्यालयाच्या तळघरात 1908 सालच्या दोन लेन आहेत, तेथे पिना हाताने उभ्या करण्याची वहिवाट यंत्रयुगातही सुटली नाही, त्यामुळे मालक आणि गिऱ्हाईक यांच्याखेरीज तिसऱ्या माणसाचीही सवड पाहावी लागते. पिना उभ्या करणारे यंत्र 1946 साली लोकांपुढे आले आणि पन्नाशीच्या दशकात गावोगाव बसले. आमच्या मालकाची यंत्रे त्याच पिढीतली वाटतात. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून सातव्या लेनचा पट्टा तिसरीला आणि तिसरीची कमान पाचवीला, असा त्यांचा संसार चालतो. मधूनच मागून खडखडाट झाला की मालक बटाटे तळायचे टाकून पलीकडे धावतो आणि कोपरापर्यंत ग्रीस माखून परत येतो. काउंटरवर तोच, आचारी तोच, मिस्त्री तोच. अशा माणसाला आठ महिने दर आठवड्याला न चुकता सारा भरणारी बत्तीस माणसे पोसतात. मी त्याच्याकडे जाणार वर्षातून एखादे वेळी, दोन डाव खेळणार, आणि बुटांचे भाडे जास्त आहे म्हणून कुरकुर करणार. गिरण्या जाऊन मॉल आले त्या लोअर परळात बोलिंगच्या वेळा घड्याळाबरहुकूम पाळल्या गेल्या, हे मी पाहिले आहे. पण तेथे मंगळवार कोणाच्याच नावावर नव्हता. माझे मत विचाराल तर खोक्यावरचा जाहीरनामा रास्त आहे आणि त्यातले शेवटचे कलम विशेष रास्त आहे.

तेव्हा जी मराठी मंडळी या हिवाळ्यात मुलांकडे किंवा भाच्यापुतण्यांकडे या बाजूस जाणार असतील त्यांनी सव्वाचारच्या सुमारास दूरध्वनी करावा, आणि ‘उघडे आहे का’ असे न विचारता ‘लेन आहे का’ असे विचारावे. मुक्काम सप्टेंबराच्या अलीकडे पडत असेल तर लीगमध्ये नाव घालावे. चौथा माणूस कमी असलेला संघ प्रत्येक गावी असतो आणि तो खेळ येतो की नाही हे विचारीत नाही. मोजे घरून न्यावेत. बूट भाड्याने मिळतात, मोजे मिळत नाहीत.